पान दोनशे बारा आणि माझी इतर मालमत्ता

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा पूर्वी पुस्तकबांधणी आणि आता नुसते वाचन, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीवर राहून लिहून ठेवीत आहे. कोणाच्या दटावण्यावरून लिहीत नाही. दटावणाऱ्यांना न जुमानता लिहीत आहे. माझे नाव, पत्ता आणि इतर तपशील वकीलबाईंनी पहिल्या कागदावर टाइप करून घेतला आहे, तो पुन्हा गिरवत बसत नाही.

माझे मन ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी मला वार आणि तारीख विचारली, मग शंभरातून सात सात वजा करत जायला सांगितले. मी म्हटले, "त्यापेक्षा काल काय वाचलं ते विचारा." त्यांनी विचारले. सूड घ्यायला माणसे कमी पडली म्हणून स्वतःच्या तीन मुलग्यांना जमिनीत पेरून, ते उगवायची वाट पाहत बसलेल्या राणीची गोष्ट मी त्यांना सांगितली. पहिला मुलगा उगवतो तेव्हा त्याला आई ओळखू येत नाही, इथपर्यंत आले तेव्हा डॉक्टरांनी मुकाट्याने सही केली.

हे मुद्दाम लिहिते. माझ्या मागे कोणी ना कोणी म्हणणारच, की म्हातारीचे डोके त्या पुस्तकांनी फिरवले होते. बावन्न वर्षे मी शापांची, खुनांची, पाताळाची, राक्षसिणींची आणि रागावलेल्या देवांची पुस्तके वाचत आले. त्याबद्दल मला खेद नाही, आणि मी कोणाची माफी मागणार नाही. ज्यांना ती हवी होती त्यांनी इथेच वाचणे थांबवले तरी चालेल. फक्त माझ्या थोरल्याने थांबू नये. त्याच्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे, ते पुढे कळेल.

कलम १. घर

मी राहते ते तिसऱ्या मजल्यावरचे दोन खोल्यांचे घर माझे आणि माझ्या कैलासवासी पतींचे स्वकष्टार्जित आहे. ते मी माझ्या थोरल्या मुलाच्या नावे करते. विनाअट. वकीलबाई म्हणाल्या, अट घालायची असेल तर हीच जागा आहे. पण माझा मुलगा अट घातली की अट पाळतो, आणि मला नेमके तेच नको आहे.

तो पन्नास वर्षांचा आहे. पाणीपुरवठा खात्यात आहे. दर रविवारी दुपारी तीनला येतो, कधी नळाचा वॉशर बदलतो, कधी दाराची कडी बसवतो, कधी उगाच पंख्याखाली उभा राहून वर बघतो. सत्तावीस वर्षांत त्याने एक रविवार चुकवलेला नाही. आणि सत्तावीस वर्षांत त्याने आतल्या खोलीत, जिथे पुस्तके आहेत तिथे, पाऊल टाकलेले नाही. त्या खोलीतला दिवा बिघडला तेव्हा त्याने दारात उभे राहून मला बल्ब दिला आणि स्टूल धरायला सूनबाईंना आत पाठवले. एवढा मोठा माणूस, पण उंबऱ्याशी आला की त्याचे पाय जड होतात. घर त्याचे झाल्यावर ती खोलीही त्याचीच होईल. मग बघू कुठे जातो.

कलम २. ठेवी आणि दागिने

बँकेत जे काही असेल ते माझ्या नातीच्या शिक्षणासाठी. कोणते शिक्षण, हे तिने ठरवायचे. दोन बांगड्या सूनबाईंना. त्या गेली दहा वर्षे माझ्या पायांना तेल चोळून देतात आणि चोळताना मी काय वाचते आहे ते तिरक्या नजरेने बघतात. विचारत मात्र कधी नाहीत. सूनबाई, विचारायचे होते ग.

कलम ३. पुस्तके

एकूण चारशे सोळा. सगळी मी स्वतः बांधलेली. ती सर्व माझ्या नातीला, तीन सोडून. त्यांतल्या एकाविषयी याच कलमात, एकाविषयी कलम चारमध्ये आणि एकाविषयी कलम सातमध्ये.

या घरात वाचण्याची एक पद्धत होती, ती कायद्याला माहीत असावी. वाचताना मनात येईल ते तिथल्या तिथे, समासात लिहायचे. पेन्सिलीने, कारण शाई पलीकडच्या पानावर उमटते आणि बांधणारीच्या जिवाला ते सहन होत नाही. तारीख घालायची. लिहिलेले खोडायचे नाही. मत बदलले तर खाली नवे लिहायचे. प्रत्येकाची खूण ठरलेली: माझा त्रिकोण, माझ्या धाकट्या लेकीचा गोल, थोरल्याचा चौकोन. ह्यांना कसली खूण नव्हती. ह्यांनी उभ्या आयुष्यात माझे एकच पुस्तक वाचले आणि शेवटच्या पानावर लिहिले, "वाचले. जेवण गेले नाही. जबाबदार: पत्नी."

आमच्या कारखान्यात कडा कापताना मालक समास पार खाऊन टाकायचे, कागद सुबक दिसतो म्हणून. मी माझी पुस्तके नेहमी समास राखून कापली. लिहिणाऱ्याने एवढे लिहायचे आणि वाचणाऱ्याने तोंड मिटून बसायचे, हे मला कधी पटले नाही.

नातीने कुठून सुरुवात करावी हे कळावे म्हणून थोडे लिहिते.

विहिरीचे पुस्तक, निळे कापड. विहिरीचे पाणी गोड राहावे म्हणून एक गाव दर वर्षी एका घरची सून खाली सोडते. समासात माझे अक्षर आहे, वय चोवीस, लग्नाला दोन वर्षे: "△ सगळे किती प्रेमळ आहेत. दोर सोडताना प्रत्येक जण तिला विचारतो, काचत नाही ना ग?" हे वाचून मला पहिल्यांदा वाटले, की माझ्या घरात काय चालले आहे ते कोणाला तरी ठाऊक आहे. लोक म्हणतात अशा पुस्तकांनी मन काळवंडते. माझे मन आधीच काळवंडले होते. त्या पुस्तकाने दिवा आणून दाखवले, एवढेच.

सूर्य गिळणाऱ्या म्हातारीचे पुराण, दोन भाग. घरात तापाने फणफणलेले नातवंड, वर ऊन, म्हणून म्हातारी सूर्यच गिळून टाकते. देव येतात, तिचे पोट फाडतात, सूर्य काढून नेतात, आणि सगळीकडे आनंदीआनंद होतो. धाकटीने अकराव्या वर्षी लिहिले आहे: "○ फाडण्याआधी कोणी विचारलं का, की आजी, का गिळलास?" त्याखाली थोरला, वय पंधरा: "□ देवांना घाई असते." त्याखाली मी, पुष्कळ वर्षांनी: "△ नाही विचारलं. दवाखान्यात पण नाही विचारत." देवादिकांच्या गोष्टी लहान मुलांसाठी गोड करून सांगतात, ते मला मान्य नाही. मूळ गोष्टीत म्हातारी मरताना देवांकडे बघून हसते. ते हसू काढून टाकले की गोष्टीत नुसते ऊन उरते.

बापाला जेवणाच्या टेबलाशी बसवून ठेवणारे कुटुंब. बाप मेला आहे हे घरात कोणी कोणाला सांगत नाही. पहिल्यांदा वाचले तेव्हा मी लिहिले, "△ ओढूनताणून. असं कोण करतं?" हे गेल्यानंतर चौथ्या दिवशी मी दोन ताटे वाढली, आणि मग उठून त्या पानावर लिहिले, "△ लेखकाची क्षमा मागते." या मृत्युपत्रातली ही एकच क्षमा.

आणि लाल पुठ्ठ्याचे, ज्यात बत्तीस खून आहेत, ते रद्दीत द्यावे. अंधारातले सगळेच चांगले असते असे माझे म्हणणे मुळीच नाही. रक्त कसायाच्या दुकानातही सांडते, तिथे कोणी घाबरत नाही. भीती वाटायला आधी माणूस आवडावा लागतो.

आता हरकत घेणाऱ्यांसाठी. गेल्या वर्षी नात शाळेतून परस्पर इथे आली होती आणि विहिरीचे पुस्तक घेऊन खिडकीत बसली होती. थोरला तिला न्यायला आला. दाराबाहेरून त्याने ते निळे कापड पाहिले आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

"आई, हिला ती पुस्तकं द्यायची नाहीत. कितीदा सांगितलं?"

"सोळा वर्षांची आहे ती. तू तेराव्या वर्षी वाचलंस हे. तुझा चौकोन आहे चाळिसाव्या पानावर."

"म्हणूनच सांगतोय."

"म्हणूनच म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. चल ग तू, चपला घाल."

नातीने चपला घातल्या. जाताना माझ्या कानात म्हणाली, "आजी, पान सत्तावन्न. खूण घालून ठेव." खूण अजून तिथेच आहे. बाळा, पुस्तके आता कायद्याने तुझी. तुझी खूण तू ठरव. त्रिकोण, गोल आणि चौकोन गेलेले आहेत.

कलम ४. वन्सं

माझ्या पतींच्या थोरल्या बहिणीस, म्हणजे वन्संना, पिवळ्या फुलाफुलांच्या कापडात बांधलेले आणि पाठीवर "घर कसे सांभाळावे" असे छापलेले पुस्तक द्यावे. याचे कारण सांगितल्याशिवाय मला मरण येणार नाही.

धाकटी गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी वन्सं आमच्याकडे राहायला आल्या आणि मी कामावर असताना त्यांनी घराची साफसफाई काढली. "घरात असलं काळं ठेवायचंच कशाला," असे म्हणून त्यांनी काळ्या पुठ्ठ्याची झाडून सगळी पुस्तके रद्दीवाल्याला दिली. वन्संना एक गोष्ट माहीत नव्हती. मी सासरी आल्यापासूनच माझी पुस्तके फुलाफुलांच्या, आकाशी आणि गुलाबी कापडात बांधत आले होते, आणि पाठीवर टाके, आहार, आरोग्य असे काहीबाही ठोकत आले होते. कारखान्यात उरलेले काळे कापड वाया जाऊ नये म्हणून मी ते ह्यांच्या ऑफिसच्या नियमावल्यांना वापरले होते. अकरा खंड. वन्संच्या लाडक्या भावाचे अकरा खंड त्यांनी स्वतःच्या हाताने दारातून घालवले, आणि माझ्या राक्षसिणी कपाटात गुलाबी लुगडी नेसून बसून राहिल्या.

तिसऱ्या दिवशी रद्दीवाला ते गाठोडे परत घेऊन आला. म्हणाला, "ताई, हे तुमचं नाही. तुमचं असतं तर बाजूला पेन्सिल असती." तो माणूस शाळेत गेला नव्हता, पण माझ्यासारखा वाचक असतो कसा हे त्याला वन्संपेक्षा जास्त कळले होते.

तर "घर कसे सांभाळावे" हे पुस्तक वन्संनी पुढे आपणहून वाचायला नेले. त्यात एक विधवा आपल्या सात दिरांना एकेक करून विष घालते. मला वाटले, आता गहजब होणार. वन्संनी पुस्तक परत आणून जागेवर ठेवले. दोन महिन्यांनी पुन्हा नेले. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा इकडे तिकडे बघून म्हणाल्या, "वहिनी, ते गृहिणीचं पुस्तक दे ग. पाचवा दीर राहिलाय माझा."

त्या दिवसापासून माझा त्यांच्यावरचा राग अर्धा उतरला. उरलेला अर्धा मी सोबत नेत आहे. कारण काळ्या पुस्तकांना हात लावताना त्या जे बोलल्या होत्या, ते शेजारणीने मला सांगितले. त्या म्हणाल्या होत्या, "यांनीच पोर खाल्ली." वन्सं, ते तुमचे वाक्य नव्हते. तुम्ही ते दुसऱ्याकडून उचलले होते. कोणाकडून, ते पुढे येते.

कलम ५. हत्यारे

दाभण तीन, घडी दाबायची हाडाची पट्टी एक, मोठ्या सुया, मेण लावलेल्या दोऱ्याची रिळे, आणि लोखंडी शिकंजा, ज्यात बांधलेले पुस्तक दाबून ठेवतात, हे सर्व नातीला.

कारखान्यात बायकांनी फक्त कागद दुमडायचे आणि शिवायचे, शिकंज्याला हात लावायचा नाही, असा रिवाज होता. मी सहा वर्षे दुमडले. सातव्या वर्षी सगळे जेवायला गेले असताना मी एकटीने एक पूर्ण पुस्तक बांधून मालकांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी उलटेपालटे करून पाहिले, पाठ ओढून पाहिली आणि विचारले, "कोणी बांधलं?" मी म्हटले, "तुटलं तर सांगते." ते तुटले नाही. पुढची पंचवीस वर्षे मी शिकंज्यावर होते. कारखाना बंद झाला तेव्हा मी तोच शिकंजा मागून घेतला. मालकांच्या मुलाने तो शोभेसाठी आपल्या दिवाणखान्यात ठेवायला मागितला होता. पुन्हा मागितल्यास त्याला देऊ नये. पाहू दिला तरी पुरे.

कलम ६. मी गेल्यावर

समाचाराला येणाऱ्यांनी मला पुस्तकप्रेमी म्हणू नये. तो शब्द ऐकला की मला सुगंधी मेणबत्तीची आठवण येते. धीर देणारी, पहाट उगवणारी, मनात आणले तर सगळे शक्य आहे असे सांगणारी कोणतीही चोपडी माझ्या घरात कोणी वाचू नये. फारच वाचावेसे वाटले तर सूर्य गिळणाऱ्या म्हातारीचा शेवट वाचावा, आणि हसू वगळू नये.

कलम ७. मिठाच्या तळ्याचे पुस्तक

हे कलम लिहायला मला एक महिना लागला.

माझी धाकटी एकोणिसाव्या वर्षी रक्ताच्या आजाराने गेली. आठ महिने दवाखान्यात होती. शेवटच्या दोन महिन्यांत डॉक्टर तिच्याशी बोलायचे थांबले आणि आमच्याशी बोलू लागले, त्यावरून तिने सगळे ओळखले. भेटायला येणारा प्रत्येक जण एक हसरे पुस्तक घेऊन यायचा. खाटेखाली फुलपाखरांचा ढीग झाला होता. एक दिवस ती मला म्हणाली, "आई, मला माहीत आहे हे या सगळ्यांना माहीत आहे का ग?"

मी म्हटले, "नसावं."

"मग मला ते मिठाच्या तळ्याचं वाच. आपण अर्धवट सोडलेलं."

ते एक जुने पुराण आहे. मिठाच्या तळ्याखाली एका राक्षसिणीचे राज्य असते. ती एका मुलीला हाक मारते. हाक ऐकू आली की जावेच लागते. मुलगी खाली जाते आणि तिचा भाऊ तिला परत आणायला मागोमाग उतरतो. मी रोज कामावरून थेट दवाखान्यात जाऊन तासभर वाचायची. ती डोळे मिटून ऐकायची आणि मध्येच हात वर करायची, की मी थांबायचे आणि तिच्या हातात पेन्सिल द्यायची. त्या महिन्यात ती जितकी हसली तितकी आधीच्या सहा महिन्यांत हसली नव्हती. राक्षसिणीवर तिचा विशेष जीव होता. "○ हिला कोणी कधी भेटायला येत नाही, म्हणून हाका मारते. साधी गोष्ट आहे."

नर्सबाईंनी तक्रार केली, वन्संनी डोळे पुसले, ह्यांनी हात जोडले. मी कोणाचे ऐकले नाही. मुलीला खरे हवे होते आणि खरे मी तिला देणार होते. असा माझा ताठा होता.

आता जे लिहिते ते आजवर कोणाला सांगितलेले नाही. दोनशे बाराव्या पानावर भाऊ तळ्याच्या तळाशी पोचतो. तिथे धाकटीला झोप लागली. मला राहवले नाही, आणि मी शेवटचे पान काढून पाहिले. भाऊ एकटा वर येतो. बहीण येत नाही.

मी पुस्तक मिटले. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, वाच. मी म्हटले, चष्मा विसरला, उद्या. तिसऱ्या दिवशी म्हटले, डोके दुखते, उद्या. सबंध आयुष्य मी सांगत आले, की पुस्तक अर्धवट सोडणारा वाचक भित्रा. आणि मी दोन दिवस उद्या म्हणत राहिले. चौथ्या दिवशी मला कारखान्यात सुट्टी मिळाली नाही, तिच्याजवळ दिवसभर थोरला बसला. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

दवाखान्याच्या जिन्यात थोरल्याने मला अडवले. तेवीस वर्षांचा होता. सगळ्यांच्या देखत म्हणाला, "या पुस्तकांनी मारलं तिला. कळलं? या पुस्तकांनी." वन्सं मागेच उभ्या होत्या. ते वाक्य तिथून निघाले आणि घरोघर गेले. मला वाटले, हा माझ्याविषयी बोलतो आहे.

धाकटीचे सामान त्यानेच आणले. मिठाच्या तळ्याचे पुस्तक त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीने इतके करकचून बांधले होते, की पुठ्ठ्यावर वळ उठले. मी ते तसेच पेटीत टाकले. सत्तावीस वर्षे सोडले नाही. सत्तावीस वर्षे मला वाटत होते, की माझी पोर दोनशे बाराव्या पानावर गेली, मी तिला तिथे तळाशी सोडले, आणि शेवट तिला कधीच कळला नाही.

गेल्या महिन्यात वकीलबाई म्हणाल्या, जंगम मालमत्तेची यादी करा, प्रत्येक वस्तू उघडून बघा. मी सुतळी कापली.

दोनशे बाराव्या पानात माझी कापडाची पट्टी होती, जिथे ठेवली होती तिथेच. पण पेन्सिल पुढेही होती. दोनशे चौदा, दोनशे वीस, दोनशे एकतीस. तिचे गोल, थरथरते. दोनशे वीसवर: "○ दादा वाचतो तेव्हा राक्षसीण नाकात बोलते. आईपेक्षा छान." दोनशे एकतीसवर: "○ दादाला थांबायचं होतं. मी नाही म्हटलं." शेवटच्या पानात बसचे तिकीट, त्या चौथ्या दिवसाचे. आणि शेवटच्या ओळीशेजारी, अख्ख्या समासभर:

"○ भाऊ वर गेला ते बरं केलं. दोघांनी खाली राहून काय करायचं? दादा रडतोय, म्हणून हे मोठ्याने म्हणत नाही. आईला वाटेल मला शेवट माहीत नाही. तिने चोरून बघितलाय, मला जाग होती. तिला रागावू नका."

थोरल्या, तू जिन्यात जे म्हणालास ते माझ्याविषयी नव्हते, हे मला सत्तावीस वर्षांनी कळले. तू शेवट वाचून दाखवलास आणि सकाळी ती गेली, आणि तू दोन्हींची गाठ मारलीस. सुतळीची मारलीस तशीच. आपल्या मुलीच्या हातात विहिरीचे पुस्तक बघून तू पांढरा पडलास तो माझ्या रागाने नव्हे.

ऐक आता. मी बावन्न वर्षे वाचते आहे, माझ्याइतकी राक्षसिणींची माहिती या गल्लीत कोणाला नाही. पुस्तकाने कोणी मरत नाही. ती रक्ताच्या आजाराने गेली, आणि जाण्याआधी तिला हवी ती गोष्ट तिने पूर्ण ऐकली, कारण तिची आई जिथे डगमगली तिथून पुढे तू वाचलेस. या घरात धीट वाचक एकच झाला, आणि तो आतल्या खोलीत पाऊल टाकायला भितो. याचा मला अभिमान वाटतो आणि संतापही येतो.

मी दोनदा तोंडाने सांगायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा मी "मिठाच्या" एवढेच म्हटले आणि तू पाना आणायला खाली गाडीत गेलास. दुसऱ्यांदा "मला तिच्याबद्दल" म्हटले आणि तू नळ एवढ्या जोरात सोडलास, की मला माझेच ऐकू आले नाही. म्हणून लिहिले. कागदाला नळाचा आवाज चालत नाही.

सबब, मिठाच्या तळ्याचे पुस्तक मी थोरल्याच्या नावे करते. मात्र हे कलम माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. वकीलबाई म्हणतात, मग कायद्यात त्याला मृत्युपत्र म्हणता येत नाही. न म्हणोत. एकदा उद्या म्हणून मी काय गमावले ते मला पुरते माहीत आहे. येत्या रविवारी तीन वाजता तो नळ दुरुस्त करायला येईल, तेव्हा हे कागद त्याच्या हातात देईन आणि आतल्या खोलीत जाऊन बसेन. पुस्तक माझ्या मांडीवर असेल, दोनशे बाराव्या पानावर उघडलेले. दार उघडे असेल. पुढचे मी अजून वाचलेले नाही, शेवटचे पान सोडले तर. मला ते त्याच्याकडून ऐकायचे आहे.

एक प्रत वकीलबाईंकडे मोहोरबंद राहील. घरच्या प्रतीला मी डावीकडे तीन बोटे समास सोडला आहे. पेन्सिल टाचणीने लावली आहे.

हे सर्व मी वाचून, समजून, कोणतीही ओळ न खोडता सहीनिशी लिहून दिले आहे. कोणाला राग आल्यास समास आहेच.

ठिकाण: राहते घर, खिडकीजवळचे टेबल.
तारीख: चौदा, गुरुवार, सकाळचे अकरा.

(सही) △

साक्षीदार पहिले: तळमजल्यावरचे शिंपीकाका. त्यांनी सही करण्यापूर्वी चष्मा पुसला आणि कलम सात दोनदा वाचले.

साक्षीदार दुसऱ्या: वाचनालयाच्या बाई. आपल्याला यातून काही मिळत नाही ना, हे दोघांनीही विचारून घेतले. काही मिळत नाही.

*घरच्या प्रतीच्या समासात, पेन्सिलीने:*

□ सतरा, रविवार. पान २१२ ते शेवट. आई दोनदा थांब म्हणाली, मी थांबलो नाही. राक्षसीण अजून नाकातच बोलते. नळ पुढच्या रविवारी.